कांचेच्या तंतूंतून वाहणारा प्रकाश

प्रकाश सरळ रेषेंत जातो, हा पदार्थविज्ञानाचा पहिला धडा होय. दिवा भिंतीआड गेला कीं उजेड नाहींसा होतो, हें शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. अशा या हट्टी प्रकाशाला पाण्याप्रमाणें वळणें घेत समुद्राच्या तळाशीं न्यावें, आणि त्याच्याकडून मनुष्याचें बोलणें व लिहिणें एका खंडांतून दुसऱ्या खंडांत पोंचवून घ्यावें, ही गोष्ट जादूगाराच्या पोतडींतली वाटेल. परंतु ती घडून आली आहे. मात्र पहिल्या प्रयोगापासून उपयोगी तंतु हातीं येईपर्यंत सुमारें एकशें तीस वर्षें गेलीं.

१८४१ सालीं जिनीव्हा येथील प्राध्यापक डॅनियल कोलॅडन यांस व्याख्यानगृहांत पाण्याची धार दाखवावयाची होती. भांड्याच्या भोंकांतून पडणारी ती धार मागल्या बाकांवरील श्रोत्यांस दिसेना. म्हणून त्यांनीं सूर्यप्रकाशाचा झोत भांड्यांतून नेमका त्या धारेंत सोडला. तेव्हां प्रकाश धारेबरोबर वांकला, आणि धार जेथें फुटली तेथें बाहेर पडून चमकला. दाट माध्यमांतून विरळ माध्यमाकडे निघालेला किरण सीमेवर पुरेसा तिरपा आदळला, तर तो बाहेर न पडतां सगळाच्या सगळा आंत परततो. यास पूर्ण अंतर्गत परावर्तन म्हणतात. धारेच्या आंतल्या कडांवर आपटत आपटतच प्रकाश तें वळण घेत होता. १८५४ सालीं जॉन टिंडल यांनीं लंडनमध्यें हाच प्रयोग करून दाखविला, आणि पुढें कित्येक वर्षें तो टिंडल यांच्याच नांवावर चालला. या इतिहासांत श्रेयाचा हिशेब चुकण्याची ही पहिली वेळ होती, शेवटची नव्हे.

१८८० सालीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं वॉशिंग्टन शहरांत प्रकाशाच्या किरणावरून मनुष्याचा आवाज पाठविला. टेलिफोन निघून चारच वर्षें झालीं होतीं. बोलण्यानें थरथरणाऱ्या पातळ आरशावर सूर्यकिरण पडत. तेथून ते सुमारें २१३ मीटर दूर ठेवलेल्या सेलेनियमवर जात, आणि विजेच्या योगानें त्या थरथरण्याचे पुन्हां शब्द होत. बेल यांस आपला हा शोध टेलिफोनहूनहि थोर वाटे. पण ढग आला किंवा धुकें पडलें कीं संभाषण तुटे. कल्पना बरोबर होती; परंतु प्रकाशाला ऊनपावसापासून राखून नेणारी वाट अद्याप सांपडली नव्हती.

ती वाट कांचेंत आहे, याचा माग प्रथम वैद्यकानें काढला. १९३० सालीं म्यूनिक येथील हाइनरिख लाम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानें कांचेच्या बारीक तंतूंची जुडी बांधली, आणि दिव्यांतील तापलेल्या तारेचें चित्र तिच्यांतून एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकास नेलें. रोग्याच्या पोटांत डोकावून पाहतां यावें, हा त्याचा हेतु होता. चित्र अंधुक आलें. पुढें ज्यूंना जर्मनींत राहणें अशक्य झाल्यामुळें लाम यांस अमेरिकेस जावें लागलें, आणि तें काम तसेंच राहिलें.

जानेवारी १९५४ मध्यें 'नेचर' या इंग्लंडांतील शास्त्रीय नियतकालिकांत दोन टिपणें एकाच अंकांत प्रसिद्ध झालीं. एक लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील हॅरोल्ड हॉपकिन्स व त्यांचे शिष्य नरिंदरसिंग कपानी यांचें होतें. कपानी यांचा जन्म १९२६ सालीं पंजाबांतील मोगा येथें झाला होता, व त्यांचें शिक्षण आग्रा विद्यापीठांत झालें होतें. तंतूंच्या जुडींतून चित्र कसें नेतां येतें, हें या गुरुशिष्यांनीं दाखविलें. दुसरें टिपण हॉलंडांतील डेल्फ्ट येथील व्हान हील यांचें होतें, आणि त्यांत एक मर्माची गोष्ट होती. उघडा तंतु शेजारच्या तंतूस टेकला, किंवा त्यास बोटाचा तेलकटपणा लागला, कीं प्रकाश तेथून निसटतो. म्हणून ज्याचा वक्रीभवनांक कांचेहून कमी आहे, अशा पदार्थाचें वेष्टन तंतूवर चढवावें, असें त्यांनीं सुचविलें. १९५६ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्यानें कांचेच्या तंतूस कांचेचेंच वेष्टन दिलें. पुढल्याच वर्षीं अशा तंतूंची केलेली जठरदर्शक नळी डॉक्टर बॅसिल हर्शोविट्झ यांनीं प्रथम स्वतःच गिळून पाहिली.

१९६० सालीं थिओडोर मेमन यांनीं लेसर तयार केला. एका दिशेनें जाणारा, एकाच रंगाचा, असा नेमका प्रकाश हातीं आला. आतां बेल यांचें स्वप्न पुरें व्हावयास हरकत नव्हती; परंतु हरकत कांचेनेंच घेतली. त्या काळच्या चांगल्या तंतूंतून वीस मीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्साच उरे. मनुष्याच्या पोटापुरतें हें पुरेसें होतें. एका गांवाहून दुसऱ्या गांवास बोलावयास मात्र निरुपयोगी होतें. निदान एक किलोमीटर गेल्यावर तरी शंभरावा हिस्सा उरला पाहिजे, असा अभियंत्यांचा हिशेब होता. हें कांचेला जन्मांत साधणार नाहीं, असें बहुतेकांचें मत होतें.

शांघाय येथें जन्मलेले आणि इंग्लंडांत हार्लो येथील प्रयोगशाळेंत काम करणारे चार्ल्स काओ यांनीं निराळा प्रश्न विचारला. प्रकाश कांच खाते, कीं कांचेंतील मळ? १९६६ सालीं जॉर्ज हॉकॅम यांच्यासह लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं उत्तर दिलें, कीं दोष मुख्यत्वें लोखंडासारख्या धातूंच्या अंशांचा आहे. ते काढून टाकले, तर हवी ती मर्यादा गांठतां येईल. निबंध वाचून फारसें कोणी हललें नाहीं. काओ देशोदेशींच्या कांच-कारखान्यांचे व प्रयोगशाळांचे उंबरठे झिजवीत राहिले. पुढें त्यांनीं शुद्ध सिलिकेचे तुकडे मोजून आपला अंदाज खरा असल्याचें दाखवून दिलें.

१९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनींत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ या तिघांनीं ती मर्यादा ओलांडली. इतर लोक नेहमींची कांच धुवून काढण्याच्या खटपटींत होते. यांनीं अतिशय कडक आंचेवर वितळणारी शुद्ध सिलिकाच घेतली. पण शुद्ध सिलिकेचा वक्रीभवनांक कांचांमध्यें जवळजवळ सर्वांत कमी. तिचें वेष्टन होईल. गाभा कशाचा करावा? तेव्हां त्यांनीं गाभ्याच्या सिलिकेंत टायटॅनियमचा अंश मुद्दाम मिसळला. मळ काढण्यासाठीं निघालेल्या शोधास अखेर मोजून मापून घातलेला मळच उपयोगी पडला. त्याच वर्षीं खोलींतल्या साध्या उष्णमानांत अखंड चालणारा अर्धवाहक लेसर लेनिनग्राड व अमेरिका या दोन्ही ठिकाणीं सिद्ध झाला. वाट आणि वाटसरू यांची गांठ पडली.

१९५६ सालीं अटलांटिकच्या तळाशीं टाकलेल्या पहिल्या तांब्याच्या टेलिफोन-तारेंतून एका वेळीं ३६ संभाषणें चालत. १९८८ सालीं टाकलेल्या पहिल्या कांचतंतूच्या तारेंतून ४०,००० चालूं लागलीं. १९८७ सालीं साउदॅम्प्टन येथें डेव्हिड पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एर्बियम या मूलद्रव्याच्या योगानें प्रकाशाचें विजेंत रूपांतर न करतांच तो तंतूंत जोरकस करण्याची युक्ति काढली, आणि अंतराची अडचणहि बरीच सरली. ज्या मुंबईस १८७० सालीं समुद्रतळाची तार सुवेझमार्गें इंग्लंडशीं जोडती झाली, त्याच मुंबईच्या वर्सोव्यास आतां कांचतंतूच्या तारा समुद्रांतून वर येतात.

२००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग काओ यांस देण्यांत आला. त्या वेळीं स्मृतिभ्रंशाच्या विकारानें त्यांस ग्रासलें होतें. पारितोषिकाचें व्याख्यान त्यांच्या पत्नीनें दिलें. ज्यांच्या कामानें जगाचें बोलणें जगास पोंचलें, त्यांस स्वतःचें काम सांगतां आलें नाहीं. कपानी यांचें नांव त्या यादींत नाहीं, याचें अनेक भारतीयांस वाईट वाटलें. 'फायबर ऑप्टिक्स' हें या शास्त्राचें नांव त्यांनींच रूढ केलें होतें. २०२० सालीं ते निवर्तले. २०२१ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें. न्याय कोणता, हें ठरवितांना एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो. तंतूंतून प्रकाश नेणें ही एक गोष्ट आणि तो दूरवर टिकविणें ही दुसरी. पारितोषिक दुसरीचें होतें. परंतु पहिली झाली नसती, तर दुसरीचा प्रश्नच निघाला नसता.

शोध थांबलेला नाहीं. नेहमींच्या तंतूंतून आज सुमारें शंभर किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरतो. २०२५ सालीं साउदॅम्प्टनच्याच संशोधकांनीं आंतून पोकळ असलेला तंतु प्रसिद्ध केला. त्यांत तेवढाच हिस्सा उरावयास सुमारें २२० किलोमीटर जावें लागतें. त्यांत प्रकाश कांचेंतून नव्हे, पोकळींतून धांवतो, म्हणून तो नेहमींच्या तंतूंतल्यापेक्षां जवळजवळ दीडपट वेगानें जातो. बेल यांनीं प्रकाशाला उघड्या हवेंत सोडलें होतें, आणि पुढल्यांनीं त्यास कांचेंत कोंडलें. आतां कांच केवळ कडेचें कुंपण होऊन राहिली आहे, आणि प्रकाश पुन्हां मोकळ्या वाटेनें चालला आहे.