निष्क्रिय खाते

बँकेत वीस वर्षे खर्डेघाशी केली की माणसाला जंगलसुद्धा खात्यासारखे दिसू लागते. परवा चिखलीहून बुलढाणामार्गे खामगावला निघालो होतो. बोथा घाट लागला, दोन्ही बाजूंना साग उभा राहिला, तशी सौ. म्हणाली, "अहो, इथं वाघ दिसेल का हो?"

"त्याला आपण दिसू. तेवढं पुरे!"

हे आमच्या जिल्ह्यातले ज्ञानगंगा अभयारण्य, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि इथल्या जंगलांच्या खतावण्या सुरू झाल्या. साहेबाने जंगलांचे तीन वर्ग पाडले : अ म्हणजे इमारती लाकूड नि जळण, ब म्हणजे गवत, क म्हणजे चराई. वाघासाठी रकानाच नाही. तो खर्चाच्या बाजूला. मारला की सरकार इनाम देई! हा हिशेब फिरायला १९७२ चा वन्यजीव कायदा यावा लागला. १९९७ साली ज्ञानगंगा अभयारण्य झाले. बिबटे होते, अस्वले होती; मुक्कामाला वाघ मात्र नव्हता. खाते उघडले, खातेदाराचा पत्ता नाही.

आणि डिसेंबर २०१९ मध्ये खातेदार हजर! तोही पायी. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला हा तरुण नर. नाव टी१सी१, म्हणजे आमच्या खाते क्रमांकासारखेच. गळ्यात रेडिओ कॉलर. जूनमध्ये घर सोडून, तेलंगण नि महाराष्ट्रातली शेते, नाले, हमरस्ते बहुतेक रात्रीच ओलांडीत, पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून तो इथे पोचला. मी चालत बसस्टँड गाठला तर घरी त्याची चर्चा होते.

"एवढा कशाला चालला तो?" सौ.ने विचारले.

"जागा शोधायला. शिवाय बायको."

"मग मिळाली?"

जागा मिळाली. शिकारही पोटापुरती होती. वाघीण मात्र इथे नव्हती. सौ. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

आमच्याकडे दहा वर्षे खात्याकडे कोणी फिरकले नाही, तर आम्ही ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत पाठवून मोकळे होतो. या जंगलाने बावीस वर्षे खाते चालू ठेवले. पण नुसते खाते ठेवून भागत नाही, वाचकहो. ग्राहकाला शाखेपर्यंत यायला वाट लागते. एक वाघ कपाशी-तुरीतून लपतछपत आला, हे त्याचे कर्तृत्व. वाघिणीनेही तसेच यावे अशी अपेक्षा धरायची, तर मधल्या झाडोऱ्याचे, नाल्याकाठचे हिशेबही कोणीतरी राखायला हवेत.

घाट संपला. सौ. म्हणाली, "परत येताना जरा हळू चालवा. आली असेल एखादी."

मी गाडी हळूच चालवली.