ऑक्सिजनच्या बाजूची तार

पाण्याचे विद्युत अपघटन आपण दरवर्षी शिकवतो. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत त्याच्या निम्मा ऑक्सिजन; फळ्यावर समीकरण लिहिले की धडा संपतो. पण या दोन नळ्यांची गोष्ट सारखी नाही. ऑक्सिजनच्या बाजूने, म्हणजे धनाग्राने, रसायनशास्त्रज्ञांना दोनशे वर्षांहून अधिक काळ झुंजवले आहे. ते कसे, हे आपण पाहू.

मार्च १८०० मध्ये व्होल्टाने आपल्या घटमालेची हकिकत पत्राने लंडनला कळवली. लगेच २ मे रोजी विल्यम निकल्सन आणि शल्यचिकित्सक अँथनी कार्लाइल यांनी तशीच घटमाला रचून तिच्या पितळी तारा पाण्यात सोडल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. दुसऱ्या तारेवर वायू दिसेना. ती तारच काळी पडू लागली. ऑक्सिजन बाहेर पडण्याऐवजी पितळालाच खात होता. प्लॅटिनमच्या तारा घेतल्यावर दोन्हीकडे वायू मिळाला. म्हणजे पहिली अडचण पहिल्याच प्रयोगात समोर आली: स्वस्त धातू टिकत नाही आणि टिकणारा धातू परवडत नाही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. पाण्याचे विघटन व्हायला २५ अंश सेल्सिअसला किमान १.२३ व्होल्ट पुरायला हवेत. प्रत्यक्षात तेवढ्यावर काम भागत नाही. जर्मनीत काम करणाऱ्या यूलिउस टाफेल यांनी १९०५ साली हायड्रोजनच्या बाबतीत दाखवले, की विद्युतप्रवाह दहापट करायचा तर दर वेळी ठरावीक जादा व्होल्ट मोजावे लागतात. किती, ते विद्युतअग्राच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. ऑक्सिजनच्या बाजूला हा भुर्दंड मोठा असतो. हायड्रोजनचा एक रेणू तयार व्हायला दोन इलेक्ट्रॉन पुरतात. ऑक्सिजनच्या रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, तेही टप्प्याटप्प्याने. एक जरी टप्पा अडला तरी सगळी रांग थांबते. ही रांग हलती ठेवणे हेच उत्प्रेरकाचे काम.

हा भुर्दंड केवढा, याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६,६०० अँपिअर-तास विद्युतभार लागतो. म्हणून ०.१ व्होल्ट वाचला, तर किलोमागे सुमारे २.७ युनिट वीज वाचते. नांगलच्या खत कारखान्यात १९६१ पासून भाक्रा धरणाच्या विजेवर असाच हायड्रोजन तयार होई. अशा कारखान्यात दशांश व्होल्टलाही मोल असते.

तेव्हा धनाग्र टिकाऊ हवे आणि उत्प्रेरकही हवे. अल्कधर्मी द्रावणात निकेल टिकते, पण ते फार चपळ उत्प्रेरक नाही. जस्त मिळवण्याच्या आम्लयुक्त टाक्यांत शिशाचे धनाग्र चालते. त्यावर लेड डायऑक्साइडचा थर बसतो आणि तो शिशाचे रक्षण करतो. पण विजेचा अपव्यय बराच होतो. १९६० च्या दशकात हेन्री बेअर या डच संशोधकाने टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडयुक्त थर भाजून बसवला. क्लोरिनच्या उद्योगात त्याने क्रांती केली. परंतु आम्लात ऑक्सिजन काढताना रुथेनियम ऑक्साइड हळूहळू झिजते. इरिडियमचे ऑक्साइड अधिक टिकते, पण इरिडियम अतिशय दुर्मिळ आहे.

मग दोन गुण दोन पदार्थांत वाटून दिले तर? ही वाट दाखवणारे तंत्र भलत्याच कामासाठी जन्मले होते. १९२८ साली अमेरिकेत फिंक आणि प्रिन्स यांनी तांब्याच्या विद्युत विलेपनाच्या द्रावणात ग्राफाइटची भुकटी ढवळत ठेवली. मुलामा चढताना ग्राफाइटचे कणही त्यात अडकत गेले. यातून आपोआप वंगण पुरवणारा पृष्ठभाग मिळणार होता. पुढे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण अडकवून झीज रोखणारे थर तयार झाले. कण अडकतात कसे, याचे गणिती वर्णन गुलिएल्मी यांनी १९७२ साली मांडले: कण आधी पृष्ठभागाला सैल चिकटतो, मग विद्युतक्षेत्रामुळे घट्ट बसतो आणि वाढता धातू त्याला गिळून टाकतो.

शेंगदाण्याच्या चिक्कीसारखाच हा प्रकार. पाक धरून ठेवतो, चव दाण्याची असते. झीज रोखणाऱ्या कणांच्या जागी उत्प्रेरक कण घातले, की झाले संमिश्र धनाग्र. निकेलच्या द्रावणात कोबाल्टच्या किंवा रुथेनियमच्या ऑक्साइडचे कण मिसळून असे थर बनवले गेले. इटलीत पादुआ येथे मुसियानी यांनी १९९० च्या दशकात आणखी एक युक्ती केली. मुलामा सहसा ऋणाग्रावर चढतो. त्यांनी शिशाच्या क्षाराच्या द्रावणात कोबाल्ट ऑक्साइडचे कण सोडून धनाग्रावरच लेड डायऑक्साइडचा थर वाढवला आणि कण त्यात अडकवले. साध्या लेड डायऑक्साइडपेक्षा या थरावर ऑक्सिजन कमी व्होल्टला सुटू लागला. त्यासाठी मौल्यवान धातू लागला नव्हता.

या तंत्राला मर्यादाही आहेत. चिक्कीच्या पोटातले दाणे जिभेला लागत नाहीत. तसेच थरात खोल गाडलेले कण निरुपयोगी ठरतात. कण द्रावणात गोळा होऊन बसतात. फार कण घातले तर थर ठिसूळ होतो, कमी घातले तर परिणाम दिसत नाही. प्रयोगशाळेत काही तास टिकणे आणि कारखान्यात काही वर्षे टिकणे यांतही मोठे अंतर आहे.

तरीही हा शोध सोडून चालणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट आहे. वर काढलेला आकडा त्याला लावून पाहावा. एका दशांश व्होल्टमागे वर्षाला १,३०० कोटी युनिटांहून अधिक वीज!

वर्गात हे दाखवणे अवघड नाही. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात तांब्याच्या दोन तारा बुडवून ६ व्होल्टची बॅटरी जोडावी. मीठ वापरू नये, त्यातून क्लोरिन सुटतो; खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ ज्योत नसावी. कोणत्या तारेचा रंग पालटतो, ते मुलांनीच शोधावे. नंतर तारांऐवजी पेन्सिलीतील शिसे लावून फरक नोंदवावा आणि त्यांना विचारावे: धनाग्रासाठी तुम्ही कोणता पदार्थ निवडाल, आणि का?