दारावरचे प्रश्न

कार्ल्याच्या पायऱ्या चढताना मध्ये कुठेतरी दम खायला थांबावंच लागतं. दोन्ही बाजूंना खणा-नारळाची दुकानं, हळदीकुंकवाच्या राशी, एकवीरेच्या दर्शनाला निघालेल्या कोळणींची गाणी. वर पोचल्यावर तुम्ही देवीची रांग सोडता, लेण्याचं तिकीट दाखवता आणि सिंहस्तंभावरून पुढे होऊन दगडी उंबरठा ओलांडता. मागचा लाउडस्पीकर एकदम गप्प होतो. तुम्हाला वाटतं, वीज गेली.

वीज गेलेली नाही. ती अजून यायची आहे.

डोंगराचं नाव वलूरक. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली आश्विनी पौर्णिमा. हिला पुढे कोजागरी म्हणतील. पाऊस ओसरलाय, पण कड्यावरून धारा लागल्या आहेत आणि पोढीच्या, म्हणजे दगडी टाक्याच्या, पाण्यात बेडकांनी ताल धरलाय. वटवाघळांचा तो ओळखीचा उग्र दर्प नाही. नाकात शिरतो तो ताज्या सागवानाचा वास. मान वर करून छताखालच्या लाकडी कमानी बघा. सकाळी याच तर तुम्ही मोबाइलवर टिपल्या होत्या. लाकूड तेच; फक्त तेव्हा ते म्हातारं होतं.

समोर दोन्ही हातांना पंधरा-पंधरा खांब, स्तूपामागे आणखी सात साधे. एका खांबाशी पाथरवट बसलाय. छिन्नी चालते, मग तो कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत ती मोठ्याने वाचतो. भाषा प्राकृत आहे, पण कान दिलात तर निम्मी कळेल. थंभो म्हणजे खांब. सेठि म्हणजे शेठ. दान तर दानच. हा खांब धेनुकाकटच्या सिहधयाने दिला, आणि सिहधय कोण? यवन. म्हणजे ग्रीक, किंवा ज्याच्या आजा-पणजाला लोक ग्रीक म्हणत असा कुणी. पुढे चला. दर्शनी भागावर त्याच धेनुकाकटच्या सिंहदत्त गांधिकाचं, अत्तरविक्याचं, नाव आहे. प्रवेशद्वार केलं वेणुवासाच्या पोराने, सामी सुताराने, आणि तसं लिहूनही ठेवलंय. बाहेरचा सिंहस्तंभ गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीचा. आईचं नाव लावून वावरणारा सरदार. एक खांब सोपाऱ्याच्या सातिमितचा. तो धम्मुत्तरीय पंथाचा पठण करणारा भिक्षू, आणि डोंगर पुढे जाणार महासांघिक या दुसऱ्याच पंथाकडे. आपल्याकडे एका देवळाच्या दोन विश्वस्तांचं पटत नाही. शेवटी सगळ्यांवर कडी करतो वैजयंतीचा भूतपाल शेठ: हे शैलगृह मी पुरं केलं, जंबुद्वीपात याच्या तोडीचं दुसरं नाही. दानशूर माणसाला थोडी फुशारकी माफ असते.

मला या दगडावर सगळ्यात जवळची वाटते ती कोडी. भिक्षुणी आहे, घरदार सोडलेलं. तिने एक वेदिका, म्हणजे कठडा, कोरवून घेतलाय आणि नाव घातलंय ते ‘घुणिकाची आई’ म्हणून. कठडा घडवणाऱ्या नदिकाचंही नाव खाली आहे. संसार सुटला, पोर सुटलं नाही. आणि संघालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गाव, धंदा, बाप, आई. जात कुठेच नाही. तुम्ही भारावून जाताय, दिसतंय मला. जरा थांबा. दर्शनी भिंतीवर उषवदाताचा लेख आहे, नहपान क्षत्रपाच्या जावयाचा. वलूरकात वर्षावासाला राहणाऱ्या प्रव्रजितांसाठी, चारी दिशांच्या संघासाठी, त्याने करजिक गाव दिलं. ‘चातुदिस संघ’ हा शब्द कानात ठेवा. कुठूनही आलेला भिक्षू इथे पाहुणा नाही, घरचाच, एवढा अर्थ त्यात आहे. पण याच लेखात हाच जावई हेही सांगतो, की आपण तीन लाख गाई दिल्या आणि प्रभासला ब्राह्मणांना आठ भार्या दिल्या. अभ्यासक म्हणतात, लग्नांचा खर्च उचलला असेल. असेलही. दगडावर मात्र आठ बायका गाईंच्या पंगतीला बसल्या आहेत, आणि हा हिशोब कोरू नका असं चारी दिशांच्या संघातलं कुणी म्हणालेलं दिसत नाही.

अंधार पडतोय. शेजारच्या विहारात संघ जमतोय. तुम्हाला आत जाता येणार नाही. सीमा आखलेली आहे आणि तिच्या आत फक्त भिक्षू. पडवीतल्या खांबाआड उभे राहा. बसण्याची रांग बघा: वयाने नाही, कुळाने नाही, उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा, होऊन किती वर्षावास झाले त्यावर. या रांगेमागची गोष्ट इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. शाक्य राजपुत्र बुद्धाकडे प्रव्रज्या घ्यायला गेले तेव्हा त्यांनीच विनवलं, की आमच्या उपालीला, या न्हाव्याला, आमच्या आधी घ्या. म्हणजे आम्हाला जन्मभर त्याच्या पाया पडावं लागेल आणि आमचा ताठा मोडेल.

आज एका पोराची उपसंपदा आहे. एक थेर, ज्येष्ठ भिक्षू, त्याला बाजूला घेतो, अगदी तुमच्या खांबाजवळ, आणि प्रश्न घोकून घेतो. पोराचा आवाज कापतोय. तुला कुष्ठ आहे? गंड? किलास? क्षय? अपस्मार? तू माणूस आहेस? पुरुष आहेस? स्वतंत्र आहेस, की कुणाचा दास? कर्ज आहे? राजाच्या चाकरीत आहेस? आईबापांनी परवानगी दिली? वीस वर्षं भरली? पात्र आणि चीवर आहे? नाव काय, उपाध्याय कोण?

झालं. जात विचारली नाही. पण काय काय विचारलं, तेही बघा. यातल्या बहुतेक प्रश्नांमागे एकेक तक्रार आहे, आणि विनयात, संघाच्या नियमग्रंथात, ती नोंदलेली आहे. बिंबिसाराचे शिपाई सीमेवरची लढाई टाळून भिक्षू व्हायला लागले, राजा बोलला, नियम झाला. देणेकरी चीवरात लपले, सावकार कुरकुरले, नियम झाला. पळालेला दास धन्याला संघात सापडला, नियम झाला. जीवक वैद्याकडून फुकट उपचार मिळावेत म्हणून रोगी लोक संघात शिरले, बरे झाल्यावर चीवर टाकून गेले. जीवकाने गाऱ्हाणं घातलं, नियम झाला. राहुलला विचारल्याशिवाय प्रव्रज्या दिली तेव्हा तर खुद्द शुद्धोदन कळवळला, आणि आईबापांच्या परवानगीचा नियम झाला. तक्रार घेऊन आलेला प्रत्येक जण वजनदार: राजा, सावकार, धनी, वैद्य, बाप. दासाची तक्रार ऐकून झालेला नियम या यादीत मला तरी सापडत नाही. उपालीसाठी दार उघडलं ते त्याच्याबरोबर राजपुत्र होते म्हणून, असं म्हणणं अन्यायाचं होईल. अस्पृश्य भंगी सुनीत एकटाच होता आणि त्यालाही घेतलं. पण सुनीताला धनी नव्हता, हेही खरं.

आणि कोडी? ती या मंडपात नाही. भिक्षुणींचा संघ निराळा. शंभर वर्षावास झालेल्या भिक्षुणीनेही आज सकाळी उपसंपदा झालेल्या भिक्षूपुढे उठून हात जोडायचे, ही महाप्रजापती गौतमीला घातलेल्या आठ अटींमधली पहिली. गौतमीने त्या पत्करल्या. नंतर आनंदामार्फत बुद्धाला विचारलं, ज्येष्ठतेप्रमाणे वंदन करू द्याल का? नकार आला. ज्या रांगेने राजपुत्रांना न्हाव्यापुढे वाकवलं, ती रांग बाईपाशी येऊन थांबली.

आत वर्षावास संपवणारी प्रवारणा सुरू झाली. सगळ्यात ज्येष्ठ थेर उकिडवा बसून, हात जोडून संघाला विनवतो: माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर सांगा. मग त्याच्यानंतरचा. मग त्याच्यानंतरचा. तीन महिने एका छपराखाली काढल्यावर असं विचारायला किती हिंमत लागते, ते एकत्र कुटुंबात राहिलेल्यालाच कळेल.

तुम्ही खांबाआडच आहात. सिहधय, सिंहदत्त, सामी, भूतपाल हे सगळेही तसेच बाहेर. त्यांना कुणीच काही विचारलं नाही, हे लक्षात येतंय का? खांब द्या, गाव द्या, नाव कोरा. उद्या दुसऱ्या देवाला द्या, आमची हरकत नाही. दार एवढं सताड उघडं होतं की आत आलो हे येणाऱ्यालाही कळू नये, आणि बाहेर गेल्याचं कुणालाच कळू नये. काही वर्षांनी इथेच अबुलामाचा हरफरण, पर्शियन वळणाच्या नावाचा उपासक, नऊ खोल्यांचा मंडप देईल. पुढे कधीतरी लेणं ओस पडेल. त्या उपासकांची नातवंडं-पतवंडं कुठे गेली? कुठेच नाही. इथेच, आसपास, दुसऱ्या नावांनी.

उंबरठ्याकडे वळा. पाय जरा जपून.

धूळ. पांढरीशुभ्र धूळ वाटावी एवढी पांढरी लुगडी, पांढरे सदरे. नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. मैदान जिथे संपायला हवं तिथे संपतच नाही. लोक रेल्वेने आलेत, बैलगाड्यांनी आलेत, चालत आलेत. पांढरं लुगडं घ्यायला कुणी घरातलं काय विकलं, हे विचारू नका. मंचावर कुशीनगरहून आलेले वृद्ध चंद्रमणी महास्थविर, मूळचे ब्रह्मदेशातले. चारी दिशांचा संघ पुन्हा एकदा. त्यांच्यासमोर डॉक्टर आंबेडकर आणि सविताबाई, शेजारी-शेजारी उभे, एकाच वेळी त्रिशरण आणि पंचशील म्हणतात. बाईने मागे उभं राहायचं कारण नाही.

आणि मग ते घडतं जे वलूरकात घडलं नव्हतं. भिक्षू नसलेला एक माणूस, वकील, आजारी, काठीच्या आधाराने उभा, गर्दीकडे वळतो आणि स्वतः दीक्षा देतो. उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नसणं ही मोठी उणीव होती आणि भारतात धम्म लयाला जाण्याचं ते एक कारण, असं त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षी, ते ग्रंथात छापून येईल. इथे कुष्ठ विचारत नाहीत, कर्ज विचारत नाहीत, धनी कोण ते विचारत नाहीत. विचारत बसले असते तर या मैदानातले किती जण उरले असते! पण मोकळंही सोडत नाहीत. बावीस प्रतिज्ञा आहेत. जुने देव सोडायचे, सगळी माणसं समान मानायची, दारू प्यायची नाही, चोरी करायची नाही. नाव कोरायला खांब नाही. तोंडाने म्हणायचं आणि घरी जाऊन पाळायचं.

माईकवरून आवाज येतो. ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी उभं राहावं.

मैदान उठतं. समुद्राला भरती यावी तसं नाही. गुडघे धरत, पोरांना कडेवर घेत, एकमेकांच्या खांद्यांचा आधार घेत, कुरकुरत, रडत. तुमच्या शेजारची म्हातारी पदर सावरून उभी राहिली आहे. तिला तुमचं आडनाव ठाऊक नाही. गाव, धंदा, आईबाप, काही ठाऊक नाही. ती फक्त खाली बघते, तुम्ही अजून बसलेले.

“उठता नं बाप्पा?”