जारावरील दावा : शास्त्र, जातरिवाज व कायदा

१. विवाहित स्त्रीनें अगर पुरुषानें जोडीदारास फसवून परक्याशीं संबंध ठेविला, तर फसल्या गेलेल्या पक्षास त्या परक्यावर दावा लावतां येतो काय, हा प्रश्न सध्यां पुनः पुढें आला आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें, एका पत्नीनें दुसऱ्या स्त्रीवर आणलेली नुकसानभरपाईची फिर्याद प्रथमदर्शनीं चालण्याजोगी मानून समन्स काढलें. दाव्याचें हें स्वरूप इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यांतून आलेलें आहे, हें खरें. परंतु प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. जार, म्हणजे परस्त्रीशीं संबंध ठेवणारा पुरुष, कोणास जबाबदार, याचीं तीन उत्तरें या देशांत पूर्वींपासून होतीं : एक धर्मशास्त्राचें, दुसरें सरकारचें, तिसरें जातीचें. हीं तिन्ही एकमेकांशीं जुळत नाहींत. त्यांतील भेद ओळखण्याची सोपी खूण अशी कीं, जारानें दिलेला पैसा शेवटीं कोणाच्या पदरांत पडला तें पाहावें. प्रस्तुत टिपणांत तोच धागा धरला आहे.

२. मनूनें व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत पंधरावें स्त्रीसंग्रहण व सोळावें स्त्रीपुंधर्म. नवराबायकोचीं परस्परांचीं कर्तव्यें एका पदांत आणि परक्या पुरुषाचा अपराध दुसऱ्या पदांत, अशी ही वांटणी आहे. नारदस्मृतींत मात्र स्त्रीपुंसयोग या एकाच पदाखालीं दोन्ही विषय येतात. म्हणजे जाराचें कृत्य हा विवाहधर्माचा भंग समजावा कीं स्वतंत्र अपराध समजावा, याविषयीं स्मृतिकारांची मांडणी एकच नव्हती.

दंडाच्या बाबतींत याज्ञवल्क्याचा क्रम प्रसिद्ध आहे. स्त्री समान वर्णाची असेल तर पुरुषास उत्तम साहस दंड, खालच्या वर्णाची असेल तर मध्यम साहस, आणि वरच्या वर्णाची असेल तर वध. उत्तम साहस म्हणजे याज्ञवल्क्याच्या गणनेनें १०८० पण, मनूच्या गणनेनें १०००. एकाच कृत्याची किंमत वर्णाप्रमाणें बदलते, ही या शास्त्राची विषमता झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु आपल्या प्रश्नापुरती पाहण्याची गोष्ट ही कीं, हा दंड राजाचा आहे. नवऱ्याची भरपाई म्हणून तो सांगितलेला नाहीं.

नवऱ्यानें स्वतः पैसा घेतला तर काय, याचाही विचार शास्त्रानें केला आहे, आणि तो अधिक बोधप्रद आहे. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत असा नियम आहे कीं, जाराला ‘चोर’ म्हणणारास पांचशें पण दंड करावा, आणि जारापासून द्रव्य घेऊन त्यास सोडणारापासून त्या द्रव्याच्या आठपट दंड घ्यावा. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत याचा उलगडा केला आहे. कुळास कलंक लागेल या भीतीनें माणूस घरांत सांपडलेल्या जारास चोर ठरवितो. आणि असा घेतलेला पैसा ही लांच होय. जवळजवळ हाच नियम, त्याच आंकड्यांसह, कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत आहे. म्हैसूर येथील पोथीवरून शामशास्त्री यांनीं तो ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध केला, त्यामुळें ही तुलना शक्य झाली. कौटिल्य त्याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट सांगतो. नवरा परगांवीं असतांना स्त्रीचें पाऊल वांकडें पडलें आणि परत आल्यावर त्यानें क्षमा केली, तर स्त्री व जार या दोघांसही सोडावें. हीं दोन वचनें एकत्र वाचलीं म्हणजे शास्त्राचें मत स्पष्ट होतें. नवऱ्यास क्षमा करतां येते, पण क्षमा विकतां येत नाहीं.

३. मराठी राज्यांतील कागदांत व्यभिचारास बदअमल, बदकर्म, शिंदळकी असे शब्द येतात. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशींतील उतारे व तशा प्रकारचे इतर छापील कागद अभ्यासकांच्या परिचयाचे आहेतच. त्यांवरून दिसणारी रीत अशी. पुरुषाकडून गुन्हेगारी घ्यावयाची; स्त्रीसही दंड किंवा कैद, आणि कित्येक प्रसंगीं तिला सरकारची बटीक करून ठेवावयाची. ‘गुन्हेगारी’ या शब्दाचा अर्थ येथें दंडाची रक्कम असा आहे, हें नवशिक्या वाचकानें ध्यानांत ठेवावें. जातींत परत घेण्यासाठीं प्रायश्चित्त व गोताची संमति हीं निराळीं लागत. शास्त्राप्रमाणेंच येथेंही द्रव्य राजाच्या घरीं जातें. फरक एवढाच कीं, शास्त्रांत जो दंड धर्माच्या रक्षणासाठीं होता, तो दफ्तरांत उत्पन्नाचें एक कलम होऊन बसला. अपराध जितके अधिक तितकी जमा अधिक, अशी स्थिति असतां फसलेल्या नवऱ्याचें अगर बायकोचें दुःख हा हिशेबाचा विषय होणें शक्य नव्हतें.

४. आतां जातीच्या व जमातीच्या न्यायाकडे वळूं. त्यासाठीं सालेकसा तालुक्यासारखा टापू नजरेसमोर ठेवावा. हा गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोंकाचा तालुका. मुंबई-हावडा लोहमार्ग येथून दरेकशावरून छत्तीसगडांत शिरतो. गोंड समाजाची माघी पौर्णिमेची मोठी यात्रा जेथें भरते, त्या कचारगडच्या गुहा याच तालुक्यांत आहेत. हा मुलूख आधीं नागपूरकर भोसल्यांचा, १८५४ नंतर इंग्रजांचा व पुढें मध्यप्रांताचा होता. १९५६ सालीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांत मोडत होता. डोंगर, अरण्य व जमीनदाऱ्या यांच्या या प्रदेशांत पुण्याच्या कोतवालीचा संबंध नव्हता, आणि मिताक्षरेपेक्षां पंचांचा शब्द अधिक जवळचा होता.

मध्यप्रांतांतील जाति-जमातींविषयीं रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोंड व इतर अनेक जातींच्या बाबतींत त्यांत एक चाल पुनःपुन्हां नोंदलेली आढळते. विवाहित स्त्री दुसऱ्या पुरुषाकडे निघून गेली, तर त्या पुरुषानें पहिल्या नवऱ्यास लग्नाचा खर्च भरून द्यावयाचा. पंचांना व जातीला जेवण द्यावें लागे तें वेगळें. वरपक्षानें वधूपक्षास देज देण्याची रीत जेथें आहे, तेथें ही परतफेड सहज समजण्यासारखी आहे. शास्त्रानें ज्या व्यवहारास आठपट दंड सांगितला, तोच व्यवहार येथें राजरोस, पंचांच्या साक्षीनें होत होता.

तथापि दोहोंस एकच समजणें चुकीचें होईल. शास्त्रानें निषेधिलेला पैसा चोरून घेतलेला असतो. तो मिळाला म्हणजे प्रकरण दडपलें जातें आणि स्त्री जेथल्या तेथेंच राहते. पंचांपुढील पैसा उघड असतो. तो दिला म्हणजे पहिला संबंध तुटतो व स्त्रीचें नवें घर मान्य होतें. शिवाय मोजमाप अब्रूचें नसून झालेल्या खर्चाचें असतें. अब्रूची किंमत ठरवूं लागलें म्हणजे वैर वाढतें, खर्चाची ठरवली म्हणजे तें मिटूं शकतें, हा व्यवहार या पंचांनीं ओळखला होता. अर्थात् ज्या स्त्रीवरून हा हिशेब होई, तिच्या हातीं त्यांतील कांहींच पडत नसे, हेंही सांगितलें पाहिजे.

५. इंग्रजी अमलांत या प्रश्नाला दोन वाटा फुटल्या. मेकॉलेच्या कमिशननें १८३७ सालीं फौजदारी कायद्याचा जो मसुदा केला, त्यांत व्यभिचार हा गुन्हा नव्हता. कारण असें दिलें होतें कीं, ज्यांस अब्रूची चाड आहे ते कोर्टांत येणारच नाहींत, आणि इतरांचें पैशानें समाधान होईल. म्हणजे आपल्याकडील पैशाची चाल त्या कमिशनच्या नजरेस आली होती. पुढें हें मत बाजूस सारून १८६० च्या दंडसंहितेंत कलम ४९७ घातलें गेलें, व तें १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आलें. परपुरुषास पांच वर्षांपर्यंत कैद, स्त्रीस शिक्षा नाहीं, फिर्याद मुख्यतः नवऱ्याची, आणि नवऱ्याची संमति असल्यास गुन्हाच नाहीं, असें त्याचें स्वरूप होतें. कौटिल्यानें नवऱ्याच्या हातीं दिलेली सोडवणुकीची किल्ली अशा रीतीनें नव्या कायद्यांतही त्याच्याच हातीं राहिली. दुसरी वाट दिवाणी. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याच्या कलम ३४ नें ख्रिस्ती नवऱ्यास जारापासून नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार दिला. जी गोष्ट कचारगडच्या परिसरांत रानटी चाल समजली गेली असती, तीच विलायती पोशाखांत कायद्याच्या पुस्तकांत बसली. इंग्लंडनें हा दावा १९७० सालीं रद्द केला. आपल्याकडे तें कलम २००१ च्या दुरुस्तीनें गेलें.

कलम ४९७ वर पहिला मोठा घटनात्मक आक्षेप मुंबईच्या एका खटल्यांत निघाला. केवळ पुरुषासच शिक्षा कां, असा आरोपीचा मुद्दा होता. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. निकाल देणारे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस हे पूर्वीं नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि सालेकसा त्या वेळीं त्याच हायकोर्टाच्या हद्दींत होता. १९८५ सालीं सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनींही कलम कायम ठेविलें. २७ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें तें रद्द केलें. त्या पीठांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय हे होते, व त्यांनीं वडिलांच्या निकालाशीं स्पष्ट मतभेद नोंदविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेंत व्यभिचाराचा गुन्हा नाहीं. विवाहित स्त्रीस वाईट हेतूनें फूस लावून नेण्याचा गुन्हा मात्र कलम ८४ मध्यें शिल्लक आहे.

६. येथपर्यंत ‘फसलेला पक्ष’ म्हणजे प्रत्येक ठिकाणीं नवराच होता. बायको फसली तर काय? याज्ञवल्क्यानें तिची अगदींच उपेक्षा केलेली नाहीं. आज्ञेंत वागणाऱ्या, दक्ष, पुत्रवती पत्नीस टाकणाऱ्या नवऱ्याकडून द्रव्याचा तिसरा हिस्सा, आणि तो निर्धन असल्यास पोटगी, देववावी असें तो म्हणतो. नवऱ्यानें दुसरें लग्न केल्यास पहिलीस आधिवेदनिक द्यावें, म्हणजे स्त्रीधन पूर्वीं दिलें नसेल तर नव्या लग्नाच्या खर्चाइतकें, दिलें असेल तर निम्में, असेंही सांगितलें आहे. येथेंही लग्नाचा खर्च हेंच माप, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पण हे दोन्ही हक्क नवऱ्यावर आहेत; दुसऱ्या स्त्रीवर नाहींत. पंचांच्या न्यायांत तिच्या बाजूनें खर्च भरून देण्याचें कलम नव्हतें. कलम ४९७ खालीं तिला फिर्यादच करतां येत नव्हती. १८६९ च्या कायद्यांतील भरपाईही नवऱ्यापुरतीच होती.

यामुळें २०२५ च्या दिल्लीच्या फिर्यादीचें महत्त्व निराळें ठरतें. अशा दाव्याची कल्पना सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालच्या दोन निकालांत उल्लेखिली होती. दिल्लीस ती प्रत्यक्ष उपयोगांत आणण्याचा प्रयत्न झाला, आणि तो एका पत्नीनें केला. समन्स निघणें म्हणजे दावा सिद्ध होणें नव्हे. त्या परक्या व्यक्तीनें जाणूनबुजून व गैर रीतीनें वागून संसार मोडला, जोडीदार आपण होऊन गेला नाहीं, हें वादीस पुराव्यानें दाखवावें लागेल. असा हक्क देणारें लिखित कलम आपल्या कायद्यांत नाहीं. मग प्रश्नाचें आजचें उत्तर इतकेंच : फौजदारी फिर्याद संपली, दिवाणी दाव्याचें दार किलकिलें झालें आहे, आणि त्या दारापाशीं नवरा व बायको प्रथमच बरोबरीनें उभीं आहेत.

७. संग्राहकांस एक विनंती करून हें टिपण पुरें करितों. फारकती, सोडचिठ्ठ्या, पाटाचे कागद व गोताचे महजर बहुधा कुळाच्या नांवासाठीं किंवा शिक्क्यासाठीं जपले जातात, आणि त्यांतील रकमेची ओळ वाचल्यावांचून राहते. पूर्व विदर्भांतील जमीनदार घराण्यांच्या व जातपंचांच्या रुमालांत असे कागद हातीं आल्यास ती ओळ अवश्य उतरून घ्यावी. रक्कम किती, कशाबद्दल, आणि ती घेतली कोणीं : सरकारनें, जातीनें, नवऱ्यानें, कीं क्वचित् एखाद्या बायकोनें? शेवटच्या प्रकारचा एक जरी विश्वसनीय कागद उजेडांत आला, तरी वर मांडलेला सहावा परिच्छेद नव्यानें लिहावा लागेल, आणि तो तसा लिहावा लागणें ही इतिहासास लाभाचीच गोष्ट होईल.