शिकारखाना : मराठी राजसत्तेतील एक दुर्लक्षित कारखाना

इंग्लंडमधील उत्तर मध्ययुगीन किल्ल्यांच्या अभ्यासात शिकारी ससाणे ठेवण्याच्या वास्तूंचा विचार आवर्जून केला जातो. पीसगळतीच्या काळात हे पक्षी बंदिस्त जागेत ठेवीत. त्या जागेस ‘म्यूज’ म्हणत. लंडनच्या चेरिंग क्रॉस येथील राजाच्या म्यूजमध्ये सोळाव्या शतकात ससाण्यांऐवजी घोडे आले, तरी नाव कायम राहिले. आपल्या दुर्गाभ्यासात मात्र अंबारखाना, दारूखाना, टाकी यांची मोजमापे होतात. शिकारखान्याची चौकशी सहसा होत नाही.

वस्तुतः हा विषय आपल्या परंपरेस परका नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोदाचा समावेश आहे. शिवकालीन अठरा कारखान्यांतही खजिना, तोफखाना, पीलखाना यांच्या पंक्तीस शिकारखाना येतो. यावरून शिकार ही केवळ व्यक्तिगत हौस नसून राज्यकारभाराचे एक खाते होते, असे दिसते. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या शिकारखान्याचे स्वरूप मात्र प्राणिसंग्रहालयाकडे अधिक झुकलेले होते.

या परंपरेचे अखेरचे ठळक रूप कोल्हापुरात आढळते. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) काळात तेथे चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीतून माळावर नेत आणि कळप टप्प्यात येताच पट्टी काढून त्यास सोडीत. ससाण्याप्रमाणेच चित्ताही रानातून धरून आणावा लागे, कारण बंदिवासात त्याची वीण जवळजवळ होतच नसे. मोगल दरबारात असा एकच प्रसंग घडल्याची नोंद जहांगीराच्या आत्मचरित्रात आहे. पुढे देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले. राजविनोदाची ही हौस किती खर्चिक होती, हे त्यावरून ध्यानात यावे.

या विनोदामागे कष्ट कोणाचे होते, हा प्रश्न वास्तूच्या अवशेषांइतकाच महत्त्वाचा आहे. रान जाणणाऱ्या पारध्यांचे कौशल्य दरबारास हवे होते. त्यांच्याच जातबांधवांवर १८७१ च्या कायद्यान्वये गुन्हेगारीचा शिक्का बसत गेला. शाहू महाराजांनी फासेपारध्यांना कामे देऊन सोनतळी परिसरात वसविले, ही म्हणूनच केवळ दयेची गोष्ट मानता येणार नाही. शिकारखान्याचा नकाशा काढताना त्यात या वस्तीचीही नोंद व्हावयास हवी.