दोनाचे चार : काचीगुड्यातला एक कॉम्प्युटर आणि मोडी दप्तर

आपल्याकडे 'दोनाचे चार' म्हटलं की लग्नाची बोलणी आठवतात. २००९ ते २०११ या काळात मात्र आमच्या हैदराबादच्या मराठी पोरांमध्ये या शब्दांना दुसराच अर्थ आला होता. दोन कोअरचा प्रोसेसर विकत आणायचा, बायोसमध्ये एक सेटिंग बदलायचं आणि चार कोअरचा म्हणून वापरायचा. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागातल्या बऱ्याच घरांत तेव्हा असेम्बल केलेले पीसी होते. त्या काळाची आणि त्यातल्या एका दप्तराची ही हकिकत लिहून ठेवतो आहे, कारण त्यातला एक भाग आजही आपल्या कपाटांत पडून असण्याची शक्यता आहे.

आधी हे कोअर लपलेले का होते, ते सांगतो. २००९च्या जानेवारीत एएमडीने 'फेनॉम टू' ही मालिका आणली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कारखान्यात सिलिकॉनच्या गोल तबकडीवर या चिप एकदम शेकडोंच्या हिशेबाने छापल्या जात. एका चिपवर चार कोअर, ६ मेगाबाइटची सामायिक कॅश आणि साधारण ७५ कोटी ८० लाख ट्रान्झिस्टर. एवढ्या गर्दीत कुठे ना कुठे खोट राहणारच. खोट एका कोअरमध्ये असेल तर अख्खी चिप फेकण्यापेक्षा तेवढा कोअर बंद करून ती तीन कोअरची म्हणून विकायची, असा हिशेब. फेब्रुवारीत 'एक्स३ ७२०' आला आणि जूनमध्ये दोन कोअरचा 'एक्स२ ५५०'. हा ५५० साधारण शंभर डॉलरला होता. चार कोअरचा 'एक्स४ ९५५' एप्रिलमध्ये बाजारात आला तेव्हा अडीचशेच्या घरात होता.

खरी गंमत पुढे आहे. उत्पादन सुधारत जातं तशा खोट असलेल्या चिप कमी होतात, पण स्वस्त मालाची मागणी काही कमी होत नाही. मग धडधाकट चिपचेही कोअर बंद करून ती स्वस्तात विकावी लागते. म्हणजे बंद कोअर तीन प्रकारचे निघायचे. काही खरोखर बिघडलेले. काही चालणारे, पण ठरलेल्या वेगाला, ठरलेल्या विजेत आणि उष्णतेत न टिकणारे. आणि काही निव्वळ मागणीपायी झाकलेले. डबीवर मात्र यातला कुठला तुमच्या वाट्याला आलाय ते लिहिलेलं नसे.

एक्स३ बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच कोरियातून बातमी फुटली. त्या काळच्या मदरबोर्डांवर 'एसबी७५०' नावाची साउथब्रिज चिप असे. तिच्यात 'ॲडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन' म्हणजे एसीसी ही सोय होती, ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांसाठी दिलेली. काही बोर्डांवर ती 'ऑटो'वर टाकली की झोपलेला कोअर जागा होई. मग आगच लागली. एक्स३चे चार, एक्स२चे चार, सेम्प्रॉन १४० या एका कोअरच्या गरिबाचे दोन. २०१०मध्ये एएमडीने नव्या 'एसबी८५०'मधून एसीसी काढून टाकली, तर बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापली युक्ती काढली. आसूसचा 'कोअर अनलॉकर', ॲसरॉकचं 'यूसीसी', बायोस्टारचं 'बायो-अनलॉकिंग'. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जाहिरात असायची.

झाकलेली ताकद उघडायची ही हौस त्याआधीचीच. इंटेलचा १९९१चा '४८६एसएक्स' म्हणजे गणिती भाग बंद केलेला ४८६ होता. पुढे वेगळा '४८७' विकत घेऊन बसवला की तो स्वतःच पूर्ण प्रोसेसर असे आणि जुन्याला गप्प बसवी. २०००च्या सुमारास ॲथलॉन आणि ड्युरॉनच्या माथ्यावरचे तुटके पूल लोक साध्या शिसपेन्सिलीने जोडत, कारण पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहतं. २०१०मध्ये तर इंटेलनेच पन्नास डॉलरचं कार्ड काढलं. त्यावरचा नंबर टाकला की 'पेंटियम जी६९५१'मधली झाकलेली कॅश आणि हायपरथ्रेडिंग उघडे. लोकांनी इतकी बोंब मारली की पुढच्या वर्षी ती योजना गुंडाळावी लागली.

आपल्या गावात या सगळ्याचं पीठ म्हणजे सिकंदराबादच्या पार्क लेनवरचं सीटीसी, चिनॉय ट्रेड सेंटर. शनिवारी दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. पोरं काउंटरवर प्रोसेसरच्या माथ्यावरचे आकडे वाचत उभी, अमुक आठवड्याचा माल उघडतो म्हणे. दुकानदार हसून म्हणायचा, "साब, दो का पैसा दो, आगे किस्मत अपनी-अपनी." त्याने सरळ सांगितलं होतं. कंपनीनेही दोनच कोअर विकले होते, हमीही दोघांचीच होती.

आता दप्तराकडे येतो. आमच्या काचीगुड्याच्या घराशेजारी राहणारे एक काका मास्तरकीतून निवृत्त झालेले. घराणं मूळचं नांदेडकडचं. १९५६च्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला तरी यांच्यासारखी कित्येक घरं इथेच राहिली, आणि सोबत राहिली ती कागदांची गाठोडी. इनामाचे कागद, शेतसाऱ्याच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या, पत्रं. निम्मं मोडीत, उरलेलं उर्दूत. भावाभावांत वाटणी ठरली, तेव्हा कागद नांदेडला जाण्याआधी सगळे स्कॅन करून ठेवायचे असं काकांनी मनावर घेतलं. साधारण ८५० पानं. स्कॅन करायचं, झिप करायचं, डीव्हीडीवर घालायचं आणि मूळ कागद टप्प्याटप्प्याने नांदेडला पाठवायचे.

त्यांच्या पुतण्याने पीसी बांधून दिला होता. एक्स२ ५५०, चार कोअर उघडलेले. विंडोज सुरू झाल्यावर नाव दिसायचं 'फेनॉम टू एक्स४ बी५०'. एक्स२ ५५०चं असं नाव दिसलं की तो उघडलेला आहे हे ओळखावं. दोन-तीन महिने छान चाललं. एप्रिल लागला तसा पीसी दुपारी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. कधी ब्लू स्क्रीन, त्यावर १२४ आकडा, म्हणजे हार्डवेअरची न सुधारणारी चूक. कधी १०१, म्हणजे दुसऱ्या कोअरकडून ठरल्या वेळेत घड्याळाचा ठोकाच आला नाही. काकूंचं म्हणणं व्होल्टेजचं, पुतण्याचं म्हणणं व्हायरसचं. पण मला बोलावलं ते वेगळ्याच कारणाने. नांदेडच्या भावाने डीव्हीडी लावली, तर एक झिप उघडताना सीआरसी जुळत नाही असा निरोप आला होता. काका दारातच म्हणाले, "अरे, बंद पडतो त्याचं काही नाही. पण चालू असताना तो नीट लिहितोय का, एवढं सांग."

प्रश्न नेमका होता.

अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. पहिल्यांदा एसीसी बंद करून पीसी दोन कोअरवर आणला. मूळ पायाच कच्चा असेल तर उघडलेल्या कोअरला दोष देण्यात अर्थ नाही. रात्रभर मेमटेस्ट लावून रॅम तपासली, एकही चूक नाही. पुढचा दिवसभर दोन कोअरवर प्राइम९५ चालवलं. हा प्रोग्राम मुळात मोठ्या मूळ संख्या शोधायचा. तो सतत अवघड गुणाकार करतो आणि उत्तर ताडून बघतो, म्हणून यंत्र तपासायला उत्तम. दोन कोअर खणखणीत निघाले. म्हणजे एसएमपीएस, रॅम, बोर्ड यांची शंका बरीचशी मिटली.

मग पुन्हा चार कोअर उघडले आणि उष्णतेकडे वळलो. एक्स२ ५५० हा ८० वॉटचा प्रोसेसर, त्याच्या डबीतला पंखा तेवढ्याच बेताचा. चार कोअर जागे केले की तो १२५ वॉटवाल्यांच्या पंगतीला बसतो. त्यात आणखी एक फसवी गोष्ट अशी की कोअर उघडले की त्यांचे तापमापक गप्प होतात. सॉफ्टवेअर शून्य किंवा भलताच आकडा दाखवतं, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं थंडगार आहे. बोर्डाच्या सॉकेटजवळचा मापक काय तो खरा. काकांचा पीसी लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात, बाहेर चाळीस अंश. सॉकेटचा आकडा बासष्टच्या वर गेला होता. पीसी कप्प्यातून बाहेर काढला, धूळ झाडली, थर्मल पेस्ट नव्याने लावली, मोठा हीटसिंक बसवला. आकडा बारा अंशांनी उतरला आणि दुपारचे रीस्टार्ट थांबले.

इथे बहुतेक जण थांबायचे. पीसी बंद पडत नाही ना, झालं तर मग. मी रात्री प्राइम९५ चारही कोअरवर लावून घरी गेलो. सकाळी तीन कोअर चालू, चौथा थांबलेला, खाली राउंडिंगच्या चुकीचा संदेश. पुन्हा लावलं, पुन्हा चौथाच. व्होल्टेज १.३५ वरून पायरीपायरीने १.४० केलं, तर वीस मिनिटांऐवजी तास टिकला. ब्लॅक एडिशन असल्यामुळे गुणक मोकळा होता. तो १५.५ वरून १४ केला, म्हणजे ३.१ गिगाहर्ट्झचे २.८. दोन तास टिकला आणि पुन्हा तीच चूक. मध्यरात्री, सॉकेट थंड असताना. उष्णता झाली, वीज झाली, वेग झाला. चूक जागा सोडत नव्हती, तेव्हा ती कोअरमध्येच होती.

ब्लू स्क्रीन बरी, ती निदान ओरडून सांगते. हा कोअर शांतपणे चुकीचं उत्तर देई आणि पुढच्या कामाला लागे. चूक विंडोजच्या एखाद्या नाजूक भागात झाली तर पीसी कोसळे. चित्र दाबून लहान करताना झाली तर पान बिघडे आणि फाइल मात्र मुकाट्याने सेव्ह होई. एलझेडब्ल्यू पद्धतीने दाबलेल्या टिफ फाइलमध्ये एक जरी आकडा चुकला तरी तिथून खालची पट्टी रांगोळी विस्कटल्यासारखी होते. आणि पान आधी बिघडून नंतर झिप झालं असेल, तर सीआरसीसुद्धा बिघडलेल्या पानाचाच असतो. तपासणीत तो बरोबर जुळतो.

बायोसमध्ये फक्त चौथा कोअर बंद करता येत होता. तसं करून तीन कोअर मूळ वेगाने चोवीस तास चालवले, चूक नाही. मी म्हटलं, "काका, तीन वापरायला हरकत नाही." त्यांनी विचारलं, "आणि मे महिन्यात तापला तर ते दिसेल का?" तिसरा उघडा असेपर्यंत कोअरचे मापक बंदच राहणार होते. नाही दिसणार, असं सांगितलं. "मग दोनावरच ठेव. कागद शंभर वर्षं थांबलेत, आणखी पाच मिनिटं थांबतील." पीसी कारखान्यातून आला तसा दोन कोअरवर गेला आणि मापकही पुन्हा बोलायला लागले.

पुढचे तीन रविवार काका, काकू आणि मी ८५० पानं एकेक उघडून डोळ्यांनी पाहिली, दुसऱ्या पीसीवर. खराब निघाली १९. त्यातली १४ पानं अजून घरातच होती, ती पुन्हा स्कॅन केली. ५ नांदेडला गेलेली. भावाने शोधून तिघांचे फोटो पाठवले. राहिलेली दोन वाळवीने खाल्लेल्या गठ्ठ्यात होती. त्यातलं एक काकांच्या पणजोबांच्या हातचं पत्र. त्याच्या पहिल्या सात ओळी नीट वाचता येतात, खाली नुसते करडे पट्टे आहेत.

२०११च्या ऑक्टोबरात एएमडीने 'बुलडोझर' आणला आणि दोनाचे चार करण्याचा हा खेळ हळूहळू संपला. ते पीसी भंगारात गेले. त्यांवर केलेलं काम मात्र राहिलं आहे. मुंजीचे व्हिडिओ, आजीने गायलेल्या ओव्यांची रेकॉर्डिंग, वंशावळी, दिंडीचे फोटो.

म्हणून एक विनंती. तुमच्याकडे २००९ ते २०१२च्या दरम्यान घरच्या पीसीवर केलेल्या सीडी-डीव्हीडी किंवा हार्ड डिस्क असतील, आणि तो पीसी अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असल्याचं आठवत असेल, तर एवढं करा. फाइल नुसत्या नव्या डिस्कवर कॉपी करू नका, एकेक उघडून शेवटपर्यंत बघा, रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐका. बिघडलेलं काही सापडलं, तर मूळ कागद किंवा कॅसेट कुणाच्या माळ्यावर आहे ते आत्ताच विचारा. आमच्या घरी उशीर झाला तो फक्त दोन पानांना.