मुसीचा पूर आणि रिकामी ठेवायची जागा

मागच्या वेळी आपण दुष्काळावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एका ताईंची चिठ्ठी आली. ताई सांगलीच्या. त्यांच्या घरात २००५ साली पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला पुन्हा आलं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "सर, दर वेळी पंचनामा होतो, मदत मिळते, आम्ही भिंती धुतो. पण पूर येऊ नये म्हणून नेमकं काय करायचं, हे कुणी कधी ठरवलं होतं का?"

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. धरणाच्या भिंतीची जाडी मला काढता येत नाही. पण 'कुणी कधी ठरवलं होतं का' हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर आहे. ते मिळतं हैदराबादेत. हैदराबाद आपल्याला परकं नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता, आणि ज्याने ही योजना आखली तो माणूस पुण्यात शिकलेला होता.

२८ सप्टेंबर १९०८. मुसी ही एरवी अगदी साधी नदी. उन्हाळ्यात पायी ओलांडावी अशी. त्या दिवशी तिने हैदराबाद शहराचा मध्यभाग धुऊन नेला. सुमारे १५,००० माणसं गेली असा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचं झाड होतं. त्यावर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं वाचली म्हणतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर वाहून गेली. घरातले ते एकटे वाचले. पुढे ते रुबाईकार म्हणून गाजले, पण त्या रात्रीचं त्यांनी जे लिहिलंय ते वाचवत नाही.

तेव्हा गादीवर सहावे निजाम होते, मीर महबूब अली खान. त्यांनी राजवाड्यांचे दरवाजे उघडले, निराधारांना आसरा दिला, अन्नछत्रं चालू झाली. हे झालं मदतकार्य. आता इथे एक फरक लक्षात घ्या. मदतकार्य माणसाला पुरातून बाहेर काढतं. निवारण म्हणजे पुराला माणसातून बाहेर काढणं. पहिल्याला दया लागते आणि ती बहुधा असते. दुसऱ्याला फार लांबवरचा विचार लागतो, आणि तो चिखल वाळेपर्यंतच टिकतो. संस्थानाचं कौतुक असं की चिखल वाळल्यावरही त्यांनी माणूस शोधला.

तो माणूस म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातून नुकतेच निवृत्त होऊन ते परदेशात फिरत होते. तिथे त्यांना हैदराबादचा निरोप गेला. दौरा पुरा करून १९०९ च्या एप्रिलमध्ये ते आले आणि ऑक्टोबर उजाडता उजाडता अहवाल हातात दिला. सहा महिने! आपल्याकडे समितीची पहिली बैठक व्हायला तेवढे लागतात, असो.

त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर शहराकडे पाठ केली. पाणी शहरात आलं होतं, पण ते कुठून आलं हे शहरात उभं राहून कळणार नव्हतं. ते वर गेले, पाणलोटात. तिथे काय होतं? सातशेहून अधिक तलाव. जुने, मातीच्या बांधाचे, शेतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. त्यांतले दोनशेहून अधिक त्या पावसात फुटले होते. एक फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, तो फुटला की दोघांचं मिळून तिसऱ्यावर. म्हणजे शहरावर आलं ते नुसतं पावसाचं पाणी नव्हतं. वर साठवलेलं सगळं एकदम सुटलं होतं. देवाची करणी म्हणून जे सांगितलं जात होतं, त्यात माणसाची करणी किती होती हे या मोजणीने दाखवलं.

मग उपाय. शहराच्या वर, काही मैलांवर, दोन मोठी धरणं: एक मुसीवर, दुसरं तिला मिळणाऱ्या ईसा नदीवर. मोठा पूर आला की तो इथे अडवायचा, आणि शहरातल्या पात्राला झेपेल तेवढंच पाणी खाली सोडायचं. शहरात दोन्ही काठ उंच करायचे, काठावरची दाटी हलवायची, तिथे बागा आणि रस्ते करायचे. शिवाय अख्ख्या शहराचं सांडपाणी. पुराच्या अहवालात गटारं कशाला, असं तेव्हा कुणी म्हटलंच असेल. पण ज्याला तुंबलेल्या पाण्याचा विचार करायचा आहे त्याला सगळ्याच पाण्याचा करावा लागतो.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय घेतला तो मुद्दा. याच विश्वेश्वरय्यांनी काही वर्षं आधी खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, १९०३ साली. ते कशासाठी? धरणाची भिंत न वाढवता थोडं जास्त पाणी साठावं म्हणून. पाणी ठरलेल्या उंचीपर्यंत अडायचं, त्यावर गेलं की दरवाजे आपसूक उघडायचे. तिथे विचार होता भरण्याचा. हैदराबादेत त्याच माणसाला उलटा विचार करावा लागला. पूर अडवणाऱ्या धरणात पावसाळ्यात जागा रिकामी लागते. ते काठोकाठ भरलेलं असेल तर वरून आलेलं पाणी जसंच्या तसं खाली जाणार. तिथे कामाचं असतं ते न साठवलेलं पाणी. काठाचंही तेच. बाग म्हणजे काय, तर जिथे घर नाही अशी जागा.

आमच्या शास्त्रात वैशेषिकांनी पुढे 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला. विद्यार्थी हसायचे, नसण्याला पदार्थ कसं म्हणायचं? मी त्यांना ही धरणं सांगायचो. तिथली रिकामी जागा घनफुटांत मोजता येते, तिच्यासाठी पैसे मोजावे लागतात, तिच्यामुळे माणसं जगतात. आणि तिचं फळ काय? न आलेला पूर. तो कुणाला दिसत नाही, त्याचं उद्घाटन करता येत नाही. म्हणून रिकाम्या जागेला वाली नसतो. भरलेल्या धरणाची ओटी भरतात. रिकाम्याची कुणी भरल्याचं ऐकलंय?

योजना पुरी व्हायला दुसरा निजाम यावा लागला. १९११ ला मीर उस्मान अली खान गादीवर आले, १९१२ ला शहरसुधारणेसाठी मंडळ नेमलं गेलं. उस्मानसागर १९२० ला झाला, हिमायतसागर १९२७ ला. पुरानंतर एकोणीस वर्षं. नदीकाठी हायकोर्ट, नवा उस्मानिया दवाखाना अशा देखण्या इमारती उभ्या राहिल्या. पण काठावरून जी वस्ती हलली ती मुख्यतः गरिबांची होती. मंडळाने त्यांच्यासाठी काही घरं बांधली हे खरं. तरी पुरात ज्यांनी जास्त गमावलं त्यांनीच योजनेतही आपली जागा गमावली. याची नोंद आपण ठेवली पाहिजे, कारण सांगलीत असो की कोल्हापुरात, काठ मोकळा करा म्हटलं की पहिली झोपडी हलते, मंगल कार्यालय नाही.

धरणांचं पुढे काय झालं? ती पिण्याच्या पाण्याची झाली. गंडीपेटचं, म्हणजे उस्मानसागरचं पाणी इतकं गोड, की ते प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही असं म्हणायचे. साहजिक आहे. तहान रोजची आणि पूर कधीतरीचा. भरून ठेवायचं की रिकामं, हा झगडा तेव्हापासून दरवाज्यांवर बसलेला आहे. १९९६ मध्ये सरकारने आदेश काढून दोन्ही तलावांच्या भोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामावर कडक बंधनं घातली. २०२२ मध्ये ती उठवली. आणि मधे, ऑक्टोबर २०२० मध्ये, शहरावरच प्रचंड पाऊस झाला. पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू, शहराच्या दक्षिणेचे दोन जुने तलाव फुटले, वस्त्या बुडाल्या. वरची दोन धरणं त्याला काय करणार? पाणी त्यांच्या खालीच पडलं होतं.

मी पुण्याचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या वाड्याच्या जिन्यावर चिखलाची रेघ राहिली होती. आजी ती पुसू द्यायची नाही. पुढे वाडा पाडला, बिल्डरने तळमजल्याला दुकानं काढली. ती रेघ कुठे होती हे आता मलाही हाताने दाखवता येणार नाही.

तर ताई, ठरवलं होतं. महाराष्ट्रातही ठरवलेलं आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नाही. तुमच्या नगरपालिकेत किंवा पाटबंधारे विभागात तो नकाशा असतो. मागा. आपलं घर कुठे येतं ते बघा, आणि त्याहून आधी हे बघा की ती रेषा गेल्या वीस वर्षांत किती वेळा सरकली, आणि सरकली तेव्हा आत कुणाचा प्लॉट होता.

ते चिंचेचं झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात अजून उभं आहे. हैदराबादला गेलात तर बघून या. मी इथे थांबतो, प्रश्न असतील ते घेऊ.